घोरणारे मूल गाढ झोपलेले नसते

मूल घोरू लागले की घरातली मंडळी कौतुकाने म्हणतात, "खेळून दमलंय बिचारं, बघा कसं गाढ झोपलंय!" या समजाविषयी आज आम्हाला लिहायचे आहे. सर्दीपडशात दोन रात्री घोरणे वेगळे. पण जे मूल बाराही महिने घोरते, मध्येच ज्याचा श्वास अडतो, छाती आत ओढली जाते आणि मग गुदमरल्यासारखे होऊन श्वास पुन्हा सुरू होतो, ते मूल रात्रभर श्वासासाठी झगडत असते. डॉक्टर याला 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. शंभरातील एक ते पाच मुलांना हा त्रास असतो, असा अंदाज आहे.

मोठ्या माणसाला हा आजार असला की तो दिवसा पेंगतो. मुलांचे पुष्कळदा उलटेच दिसते. चिडचिड, एका जागी न बसणे, अभ्यासात लक्ष नसणे, शाळेत जायच्या वयातही अंथरूण ओले करणे. मग मास्तर 'ढ' म्हणून शिक्का मारून मोकळे होतात! नाक-घसा अडल्यामुळे मुले मंद ठरतात, हे विल्यम हिल या इंग्रज डॉक्टरने १८८९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहून ठेवले आहे. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, शिक्का मात्र अजून आपल्या पोरांच्या कपाळी आहेच.

श्वास अडतो तो घशात. झोपेत तेथले स्नायू सैल पडतात. वाट मुळातच अरुंद असेल तर ती बंद होते. मुलांमध्ये याचे सर्वांत मोठे कारण वाढलेले टॉन्सिल आणि नाकाच्या मागे असणाऱ्या ॲडिनॉइड नावाच्या गाठी. टॉन्सिल तोंड उघडले की दिसतात, ॲडिनॉइड दिसत नाहीत. दोन ते आठ वर्षांच्या वयात घशाच्या मानाने या गाठी मोठ्या असतात, म्हणून त्रासही याच वयात जास्त.

हनुवटी बारीक किंवा मागे असेल तर जीभ मागे पडून वाट अडवते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत निम्म्याहून अधिकांना हा त्रास आढळतो. ते घोरत नसले तरी चार वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या झोपेची तपासणी करावी, असे तज्ज्ञ सांगतात. लठ्ठपणा हेही कारणच. गुबगुबीत मूल म्हणजे सुदृढ मूल, हे खूळ आपल्याकडेही शिरले आहे. पण मूल बारीक आहे म्हणून निर्धास्त राहू नये. या आजाराने काही मुलांचे वजनच वाढत नाही.

विदर्भातील आमच्या बांधवांना मुद्दाम सांगतो. तेथील बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आहे. अशा मुलाच्या रक्तातील प्राणवायू रात्री कमी झाला, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा धोका वाढतो. तेव्हा सिकलसेलचे मूल घोरत असेल तर वाट पाहू नका.

घोरणाऱ्या प्रत्येक मुलाचे ऑपरेशन करावे लागते असे नाही. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांची पाहणी झाली, ती २०१३ मध्ये छापून आली. सात महिन्यांनी, टॉन्सिल व ॲडिनॉइड काढलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोप-तपासणी नीट आली. नुसती देखरेख ठेवलेल्यांतही ४६ टक्क्यांची नीट आली. काय करायचे ते डॉक्टरांनी तपासून ठरवावे.

सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जाताना एक काम करा. मूल झोपले असताना मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण घ्या, छाती आणि तोंड दिसेल असे; श्वासाचा आवाजही येऊ द्या. शाळेत किंवा अंगणवाडीत बालस्वास्थ्य तपासणीचे पथक येते, त्यांनाही घोरण्याचे सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसे? आणि ऑपरेशन ठरलेच, तर सिकलसेलचा कागद भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी दाखवा. या मुलांची तयारी वेगळी करावी लागते.