अकरा वेळा आमदार

विधानसभेतील आमदार हा आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी असतो. लोकांची गाऱ्हाणी सभागृहात मांडणे, हे त्याचे पहिले कर्तव्य होय. गणपतराव देशमुख यांनी ते आयुष्यभर पाळले.

सोलापूर जिल्ह्यातील सांगोले हा अवर्षणाने गांजलेला तालुका. तेथून १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने ते प्रथम निवडून आले. १९७२ साली त्यांचा पराभव झाला. परंतु ते खचले नाहीत. १९७४ च्या पोटनिवडणुकीत मतदारांनी त्यांनाच पुन्हा विधानसभेत धाडले. १९९५ सालीही अपयश आले आणि १९९९ साली ते धुऊन निघाले. अशा रीतीने २०१४ पर्यंत ते एकाच मतदारसंघातून अकरा वेळा विजयी झाले.

मंत्रिपद त्यांच्या वाट्याला थोडाच काळ आले. बहुतेक वर्षे विरोधी बाकांवर बसूनच त्यांनी दुष्काळी भागाला पाणी मिळावे म्हणून आग्रह धरला. आमदार असूनही ते एस. टी. ने प्रवास करीत. २०१९ साली ते निवडणुकीतून निवृत्त झाले व ३० जुलै २०२१ रोजी निवर्तले.

मुलांनो, उद्या तुम्हीही मतदार व्हाल. उमेदवाराची पारख करताना त्याचे पद पाहू नका, त्याचे काम पाहा.