पेटीचा गंधार आणि मोबाइलचा टोन
ध्वनीशी ओळख : लेखांक ६

वारंवारता म्हणजे सेकंदाला किती कंपनं, हे मागच्या लेखांकात कागदावर पाहिलं. या आठवड्यात तेच कानानं तपासू. त्यासाठी मोबाइल किंवा लॅपटॉप हवा, जमलं तर हेडफोन, आणि ब्राउझरमध्ये फुकट चालणारा कोणताही टोन जनरेटर. शाळेच्या प्रयोगशाळेत २५६, ३२०, ३८४, ५१२ असे आकडे कोरलेले नादकाटे रबरी ठोकळ्यावर आपटून आपण कानाशी धरायचो. इथे त्या काट्यांच्या मधले सगळे आकडेही हजर असतात. आकडा टाका, प्ले दाबा, तेवढ्या हर्ट्झचा स्वर सुरू.

त्याआधी आवाज अगदी कमी करा. खालच्या आकड्यांना काही ऐकू येत नाही म्हणून माणूस आवाज वाढवतो, आकड्याची पट्टी तशीच वर सरकवतो, आणि तीन हजारांच्या आसपास तोच आवाज कानात घुसतो. हेडफोन लावून हे झालं तर कानाला इजा होऊ शकते.

आता ३०० वरून ४०० वर जा. स्वर चांगलाच चढला. मग ३००० वरून ३१०० वर जा. वाढ तेवढीच, शंभर हर्ट्झची, पण स्वर जेमतेम हलला. ३००० वरून चढण तेवढीच वाटायला हवी असेल, तर ४००० वर जावं लागेल. म्हणजे कानाला दोन स्वरांमधली वजाबाकी कळत नाही, भागाकार कळतो. ३०० ते ६०० हे एक सप्तक, ६०० ते १२०० हे पुढचं सप्तक. आकड्यांत दुसरं पहिल्याच्या दुप्पट, कानाला मात्र दोन्ही सारखीच. ही एक गोष्ट पक्की धरली की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

तीन हजारांशी कान इतका हळवा का, तेही सांगून टाकतो. बाहेरच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला बंद. अशी नळी आपल्या लांबीच्या चौपट तरंगलांबीला, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरला, सगळ्यात जास्त साथ देते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. भागाकार केला की उत्तर ३४०० हर्ट्झच्या जवळ येतं. हाच स्वर स्पीकरवर लावून मान दोन-तीन सेंटिमीटर इकडे-तिकडे करून बघा. आवाज मध्येच पडतो, पुन्हा उसळतो. तो कानाचा दोष नव्हे. भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींना कुठे मारतात, कुठे जोर देतात.

आता खाली या. मोबाइलच्या स्पीकरवर ६० हर्ट्झ लावा. शांतता. एवढासा स्पीकर तेवढी संथ हालचाल हवेपर्यंत पोचवूच शकत नाही. पण बहुतेक जनरेटरांत लहरीचा आकार बदलायची सोय असते. आकडा तोच ठेवून गुळगुळीत साइन लहरीऐवजी चौकोनी लहर निवडा, की लगेच घुरघुर ऐकू येते. चौकोनी लहरीत ६० बरोबर १८०, ३००, ४२० असे त्याचे विषम पटीतले स्वरही असतात. स्पीकर त्यातले वरचे वाजवतो आणि खालचा मूळ स्वर मेंदू हिशेबानं भरून काढतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर १२० च्या आसपास, म्हणजे तो तारेतून येतच नसे. तरीही पलीकडे वडील आहेत हे ‘हॅलो’वरूनच कळायचं आणि त्यांचा आवाज कुणाला बायकी वाटला नाही.

आता मुख्य मुद्दा. ब्राउझरमध्ये दोन खिडक्या उघडून दोन जनरेटर एकदम चालू करा. एकीकडे २४०, दुसरीकडे ३६०. आपल्याकडच्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत षड्ज २४० धरायची पद्धत आहे. मग पंचम ३६० आणि शुद्ध गंधार ३००. सा-प एकत्र कसे बसतात ते ऐकून झालं, की दोन्ही बंद करा आणि एका खिडकीत ३००, दुसरीत ३०२.४ लावा. दोन स्वर वेगवेगळे ऐकू येणार नाहीत. एकच स्वर ऐकू येईल, पण तो डोलेल : मोठा, लहान, मोठा, लहान. पाच सेकंदांत बारा डोल. दोन आकड्यांतला फरक २.४, म्हणून सेकंदाला २.४ वेळा.

हा ३०२.४ कुठून आणला? घरातल्या पेटीतून. बाजारात मिळणाऱ्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात आणि प्रत्येक पट्टी मागचीच्या सुमारे १.०५९५ पट असते. त्या हिशेबानं पंचम ३५९.६ येतो, फरक नगण्य. गंधार मात्र ३०२.४ वर जाऊन बसतो. तंबोऱ्यातून आपसूक उमटणारा गंधार, ज्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात, तो ३०० चा. तंबोरा आणि पेटी एकत्र लागली की चांगल्या कानाला जे खुपतं ते हे.

ही तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचा खटला महाराष्ट्रातच उभा राहिला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा आधार घेऊन स्वरांची मोजणी केली आणि १९१० मध्ये सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरांवर, म्हणजे श्रुतींवर, इंग्रजीत पुस्तक काढलं. त्यांचे मित्र, जिल्हा न्यायाधीश क्लेमेंट्स, यांच्या खटपटीनं खास श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झडले आणि ती मागे पडली. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीला दारच बंद केलं. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. मला विचाराल तर बंदी हा अतिरेक होता. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पेटीत निघत नाही हे खरं, पण कुशल पेटीवादक कुठे थांबायचं नाही हे जाणतो. देवलांना मात्र हे दोन स्वर असे समोरासमोर ठेवायला किती खटाटोप करावा लागला असेल! आपल्याला दोन खिडक्या पुरतात.

इथेच आणखी एका फॅडाचा निकाल लावतो. ४३२ हर्ट्झचं संगीत रोग बरे करतं, ४४० चं बिघडवतं, असे व्हिडिओ ढिगानं फिरतात. हर्ट्झ मोजायचे सेकंदात, आणि दिवसाचे ८६,४०० भाग करून त्यातला एक सेकंद मानणं हा माणसाचा करार. दिवसाचे एक लाख भाग केले असते तर ४३२ च्या त्याच स्वराला ३७३ च्या आसपासचा आकडा मिळाला असता. त्या आकड्यात औषध शोधण्यात अर्थ नाही. कानाला गुणोत्तर कळतं, हे वर पाहिलंच.

गल्लीतल्या डीपीचा गुणगुणाट मात्र जरूर मोजा. वीज ५० हर्ट्झची, पण ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणतो-आखडतो, म्हणून गुणगुण १०० ची आणि तिच्या पटींची. कुंपणाबाहेर उभं राहून, मोबाइलवर २०० लावून (१०० त्याच्या स्पीकरला जड जातं), ताडून बघा.

शेवटी वरचं टोक. वय वाढतं तसं ऐकण्यातलं हे टोक आधी हरवतं. वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन यांनी २००५ मध्ये दुकानांपुढे घोळका करणाऱ्या पोरांना हाकलण्यासाठी ‘मॉस्किटो’ नावाचं यंत्र काढलं. ते सुमारे १७ हजार हर्ट्झवर किंचाळायचं. पोरं वैतागायची, मोठ्यांना पत्ताही नसायचा. पोरांनी मग तोच स्वर मोबाइलची रिंगटोन केला, म्हणजे वर्गात वाजला तरी मास्तरांना कळू नये. २००६ चा शांततेचा इग नोबेल, म्हणजे नोबेलचं विनोदी भावंड, या यंत्राला मिळाला, तो अगदी योग्य.

घरात हा खेळ खेळताना आजोबांना १२ हजार ऐकू आलं नाही, तर घाबरू नका आणि ‘येतंय’ म्हणाले तर निश्चिंतही होऊ नका. त्या टोकाला स्पीकर काय वाजवतो याचा भरवसा नसतो, आणि बोलणं समजायला लागणारा पट्टा याच्या बराच खाली असतो. ऑडिओमेट्रीत मुख्यतः २५० ते ८००० हर्ट्झच तपासतात. टीव्हीचा आवाज दर महिन्याला वाढत असेल किंवा कानात सतत शिट्टी वाजत असेल, तर जनरेटर बंद करा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. मुंबईकरांसाठी श्रवणदोषांवर काम करणारी वांद्र्याची अली यावर जंग संस्थाही आहे.

पुढच्या आठवड्यात तंबोऱ्याची जवारी आणि तिच्यावर चंद्रशेखर रामन यांनी केलेलं काम पाहू. तोवर घरात पेटी असेल तर गंधाराची पट्टी दाबून ठेवा, जनरेटरची पट्टी डोल थांबेपर्यंत सरकवा, आणि कुठला आकडा आला ते कळवा. त्या वेळी षड्ज कुठली पट्टी धरली, तेही लिहा. नाहीतर आकड्याचा उपयोग नाही.