काउंट मोजणारी माणसं

गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यातलं वैरागड आज किल्ल्यासाठी ओळखलं जातं. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने ‘ऐन-इ-अकबरी’ लिहिली, तेव्हा त्याने या गावाची नोंद केली ती हिऱ्यांच्या खाणीसाठी. पुढे चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या, मुलखात दगडाचा शोध थांबला नाही. 1871 साली वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली, मग बल्लारपूर आणि वर्धा नदीचं खोरं. राजुरा-कोरपन्याच्या चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे राहिले. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे हे तर तिथल्या माडिया माणसाला कुठल्याही सर्वेक्षणाआधीपासून ठाऊक होतं. कोळसा काळा दिसतो, लोहदगड हाताला जड लागतो.

युरेनियमचं तसं नाही. टनभर खडकात अर्धा किलो युरेनियम असलं, तरी भारतात त्या खडकाकडे गंभीरपणे पाहतात, आणि एवढं अल्प द्रव्य डोळ्याला दिसत नाही, हाताला जाणवत नाही. लिथियम, नायोबियम, टँटलम या विरळ धातूंचंही बऱ्याच अंशी असंच. ते शोधण्याचं काम गेली पंचाहत्तरहून अधिक वर्षं करणारी सरकारी संस्था आपल्याकडे आहे आणि तिच्याविषयी मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे.

स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी, 1949 मध्ये, ‘रेअर मिनरल्स सर्व्हे युनिट’ या नावाने तिची सुरुवात झाली. हिमालयाच्या भूरचनेचा अभ्यास करून नाव मिळवलेले दाराशॉ नोशेरवान वाडिया तिचे प्रमुख होते. दोनच वर्षांत, 1951 मध्ये, आजच्या झारखंडातल्या जादुगुडाला युरेनियम सापडलं. तिथली खाण मात्र सुरू व्हायला 1967 उजाडलं. सापडणं आणि काढणं यांच्यामधलं हे अंतर लक्षात ठेवण्यासारखं आहे. नावं बदलत बदलत संस्थेचं आजचं नाव झालं परमाणु खनिज अन्वेषण व अनुसंधान संचालनालय. मुख्यालय हैदराबादला आणि मध्य विभागाचं कार्यालय नागपूरला. तिच्या शेजारी नागपुरातच भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा मध्य विभाग आहे, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे आणि सरकारी अन्वेषण कंपनी एमईसीएलही आहे. देशाच्या भूगर्भाचा एवढा हिशेब एका शहरात ठेवला जातो, तरी नागपूरची ओळख संत्र्यावरच थांबते, याचं मला वाईट वाटतं.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे या मंडळींनी का पाहावं? पश्चिमेकडे वरोरा-राजुऱ्याच्या बाजूला दख्खनच्या बेसाल्टची किनार संपते. मधल्या पट्ट्यात कोळसा देणारे गोंडवना खडक आणि त्यावरचे कामठीचे वालुकाश्म आहेत. पैनगंगेच्या बाजूला त्याहून कितीतरी जुने चुनखडक. आणि वैनगंगा ओलांडली की बस्तरच्या प्राचीन भूखंडाचे ग्रॅनाइट आणि नाइस सुरू होतात, ज्यांचं वय अब्जावधी वर्षांत मोजतात. युरेनियमला असे शेजार आवडतात. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात ते विरघळतं आणि खडकांच्या भेगांतून वाहत जातं. वाटेत कुजलेल्या वनस्पतींचा कार्बन, पायराइट किंवा ग्रॅफाइट भेटलं की त्याचं रासायनिक रूप पालटतं आणि ते तिथेच साचतं. जगात सर्वाधिक युरेनियम काढणाऱ्या कझाकस्तानातले साठे असेच वालुकाश्मात साचलेले आहेत. आपल्याकडे तेलंगणातलं लंबापूर हे जुन्या ग्रॅनाइटवर पसरलेल्या नव्या थराच्या सांध्यावरचं ठिकाण, तर गडचिरोलीच्या पूर्व सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये बोडलचा साठा. शेजारी सापडलं म्हणून इथेही पाहायचं, एवढाच त्याचा अर्थ. इथे आहेच, असा नव्हे. संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार देशाचा युरेनियम ऑक्साइडचा साठा चार लाख टनांच्या वर आहे आणि त्यात साऱ्या महाराष्ट्राचा वाटा 355 टन.

कामाची सुरुवात हेलिकॉप्टरने किंवा पायी होते. गळ्यात सिंटिलोमीटर असतो आणि त्यात सोडियम आयोडाइडचा स्फटिक. गॅमा किरण आदळला की स्फटिकात क्षणभर प्रकाश उमटतो आणि यंत्र एक काउंट मोजतं. आधी त्या भागाचं ‘बॅकग्राउंड’ ठरवतात, म्हणजे तिथली नेहमीची पातळी. काउंट तिच्या दुप्पट-तिप्पट चढला की नकाशावर ‘अनॉमली’ची खूण होते. खरी कसोटी तिथून पुढे. ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम असतं, थोरियम असतं आणि दोन्हीही गॅमा किरण देतात. म्हणून स्पेक्ट्रोमीटर किरणांची ऊर्जा वेगळी करून पाहतो. 1.46 एमईव्हीला पोटॅशियम, 2.62 ला थोरियमच्या साखळीतलं थॅलियम आणि 1.76 ला युरेनियमच्या साखळीतलं बिस्मथ.

म्हणजे यंत्र युरेनियम पाहतच नाही. त्याच्या वंशावळीत खूप खाली असलेल्या बिस्मथची चाहूल घेऊन वर युरेनियम असावं, असं अनुमान करतं. मधल्या पिढ्यांमध्ये रेडियम आहे आणि रेडॉन आहे. रेडॉन हा वायू भेगांतून निसटून जातो. गडचिरोलीसारख्या धो-धो पावसाच्या मुलखात युरेनियम पाण्याबरोबर वाहून जातं आणि रेडियम मागे राहतं. अशा जागी काउंट भरपूर असतो आणि खडकात युरेनियम नसतं. कधी नेमकं उलटही घडतं. त्यात गॅमा किरण जमिनीतून येतात ते वरच्या अर्ध्या मीटरच्या आतूनच. लाल माती, जांभ्याचा थर, सागाचा पालापाचोळा यांच्याखाली काय दडलंय, ते वरून कळत नाही. म्हणून खडकाचे तुकडे प्रयोगशाळेत जातात, विहिरींचं आणि नाल्यांचं पाणी तपासलं जातं, चर खणून नमुने घेतले जातात. या धंद्यातल्या माणसाचं कौशल्य काउंट दिसल्यावर हुरळून न जाण्यात असतं.

विरळ धातूंची पद्धत अधिक जुनी आहे. कोलंबाइट-टँटलाइट आणि कथिलाचा कॅसिटेराइट ही जड खनिजं पेग्मॅटाइटच्या शिरांतून झिजून ओढ्यात येतात. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमध्ये अशा शिरा सापडल्या आहेत. ओढ्याच्या वळणावरची वाळू थाळीत घोळवून हलकं वाहू द्यायचं आणि तळाशी उरलेलं काळं पाहायचं. पूर्व विदर्भातला सोनझरी समाज पिढ्यान्‌पिढ्या नदीच्या रेतीतून सोन्याचे कण असेच काढत आला. भूवैज्ञानिकाने त्यांच्याकडून काही शिकावं असं मला मनापासून वाटतं, कारण कुठल्या वळणावर जड रेती थांबते हे त्यांना पुस्तकाशिवाय कळतं.

अनॉमली टिकली तर ड्रिलिंग. हिऱ्याच्या कणांचं बिट लावून खडकाचा गोल गाभा काढतात, तो खोलीनिशी क्रमाने पेट्यांत मांडतात, भोकात प्रोब सोडून मीटरमागून मीटर गॅमा मोजतात. गाभा उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवतात, अर्धा पुढच्या पिढीने पुन्हा तपासावा म्हणून जपून ठेवतात. बहुतेक अनॉमली खाणीपर्यंत पोचत नाहीत आणि तसंच असायला हवं. ‘इथे नाही’ हे पुराव्यानिशी सांगता येणं, हे या संस्थेचं मोठं काम आहे असं मी मानतो.

या कामाचा हंगाम असतो पावसाळा संपल्यापासून पुढच्या पावसापर्यंत. त्यानंतर भामरागडला पर्लकोटेला पूर येतो आणि रस्ता तुटतो. नेमक्या याच कोरड्या महिन्यांत गावकरीही जंगलात असतात, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांसाठी, मेमध्ये तेंदूपानासाठी. अनोळखी माणसं गळ्यात यंत्र अडकवून जंगलात फिरताना दिसली की गावात प्रश्न उठणारच. इथल्या माणसांनी दशकानुदशकं नक्षलवादी हिंसा आणि पोलिसी बंदोबस्त दोन्ही पाहिले आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, आणि आजवर बंद असलेले भाग आता सर्वेक्षणाला खुले होत जातील. म्हणूनच या शोधात गावाला काय विचारलं आणि काय सांगितलं जाणार, हा प्रश्न आत्ता विचारायला हवा.

कायदा गावाला इथे फार थोडं देतो. 1996 च्या पेसा कायद्यात खनिज शोधाच्या परवान्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते, पण ती गौण खनिजांसाठी. युरेनियम त्यात बसत नाही. डिसेंबर 2023 पासून लागू झालेल्या वनसंवर्धन कायद्याच्या दुरुस्तीनुसार जंगलातलं अन्वेषण, केंद्राने घातलेल्या अटी पाळून, वनेतर वापर समजलं जात नाही. त्याच वर्षी लिथियम, बेरिलियम, नायोबियम, टँटलम, टायटॅनियम आणि झिर्कोनियम ही सहा द्रव्यं अणुखनिजांच्या यादीतून काढून खासगी कंपन्यांना खुली केली. युरेनियम सरकारकडेच राहिलं.

गावाला अंधारात ठेवलं की काय होतं, हे प्राणहितेपलीकडच्या तेलंगणाने दाखवलं आहे. नल्लमलाच्या जंगलात, अमराबादच्या व्याघ्रप्रकल्पात, 83 चौरस किलोमीटरवर युरेनियमच्या शोधाला वन सल्लागार समितीने 2019 मध्ये तत्त्वतः हिरवा कंदील दिला. लोक पेटून उठले आणि त्याच सप्टेंबरात तेलंगण विधानसभेने विरोधाचा ठराव केला. आपल्याकडे ताडोबा आहे आणि सुरजागडचा अनुभवही ताजा आहे. तिथल्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे. खाण 2016 मध्ये सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात सत्तरहून अधिक वाहनं जाळली गेली.

अन्वेषण करणाऱ्या संस्थांनी मराठीत आणि माडियात, साध्या कागदावर, ग्रामसभेला चार गोष्टी द्याव्यात असं मला वाटतं. कुठे मोजलं, काय आकडा आला, भोक किती खोल घेतलं आणि ते बुजवलं का. युरेनियमची काही माहिती सुरक्षेच्या कारणाने झाकावी लागत असेल, पण भोक बुजवलं की नाही, यात कसलं गुपित? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये 1,800 हेक्टरहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळवला तो अभ्यासगटांत बसून, कायदे वाचून आणि सर्वसहमतीने निर्णय घेत. ज्या गावाने स्वतःच्या बांबूचा हिशेब ठेवला, त्याला सिंटिलोमीटरचा काउंट समजावून सांगायला भूवैज्ञानिकाची एक दुपार पुरेल.