घाटात निम्मं होणारं औषध

मुलांनो, आधी एक गणित. मुंबईत शिशाच्या जाड डब्यात औषधाचे 80 भाग भरले. दर 110 मिनिटांनी ते आपोआप निम्मं होतं. गाडी निघाली, कसारा घाट चढली आणि 220 मिनिटांनी नाशिकला पोचली. उरलं किती?

वीस भाग! मी वर्गात विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, "बाई, डबा गळत असेल!" गळत नाही बरं का. हे आहे फ्लोरिन-18. त्याचे अणू किरण सोडतात नि बदलून जातात. साखरेसारख्या पदार्थाला हा अणू जोडून शिरेतून टोचतात. कॅन्सरच्या गाठी बहुधा अधाशासारखी साखर ओढतात, म्हणून पेट-स्कॅनमध्ये त्या उजळून दिसतात. इकडे रुग्ण उपाशीपोटी बसलेला. गाडी फार रखडली, तर त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी यायचं!

याला म्हणतात न्यूक्लिअर मेडिसिन. भाभा अणुसंशोधन केंद्राचं परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून हे काम करतंय. फ्लोरिन बनवणारं सायक्लोट्रॉन यंत्र तिथे 2002 मध्ये आलं.

हाडांच्या तपासणीला लागणारं टेक्निशियम तर सहा तासांत निम्मं होतं. मग रोज आणायचं कुठून? त्यासाठी मॉलिब्डेनम भरलेला डबा मागवतात. त्यात टेक्निशियम आपोआप तयार होत राहतं. या डब्याला जगभर गमतीनं 'गाय' म्हणतात आणि सकाळी तिची चक्क 'धार' काढतात!

ही धार काढतो टेक्नॉलॉजिस्ट. कोणाला किती वाजता किती मात्रा, हा हिशेब त्याचाच. बारावी सायन्स, मग बीएस्सी आणि या विषयाचं शिक्षण, असा त्याचा रस्ता. डॉक्टर व्हायचं तर एमबीबीएसनंतर न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये एमडी. सगळे डॉक्टरकीकडेच धावतात. पण गणित आवडणाऱ्यानं पहिला रस्ताही बघावा, असं मला वाटतं.

"किरणांजवळ नोकरी? नको गं बाई!" असं आई म्हणेल. तिची काळजी खोटी नाही. निष्काळजीपणा इथे चालतच नाही. म्हणून शिशाचा आडोसा, शक्य तितकं अंतर आणि झटपट काम. शिवाय छातीवर बिल्ला असतो. अंगावर किती किरण आले ते त्यावरून ठराविक काळानं मोजतात.

आता तुमची पाळी. थायरॉइडच्या आजारावरचं आयोडिन-131 आठ दिवसांनी निम्मं होतं. मग 80 भागांचे 24 दिवसांनी किती?