मानेतल्या दोन रोहिण्या

२४ डिसेंबर २०२३, रविवार. ड्यूटी करून मोटारसायकलवरून घरी निघालेल्या दिंडोशी पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाचा गळा वाकोला पुलाजवळ पतंगाच्या मांज्याने चिरला. तो वाचला नाही. एवढ्याशा दोऱ्याने धडधाकट माणूस जातो कसा, असे आमच्या चाळीत तेव्हा बरेच जण विचारत होते.

वाचकहो, कंठमण्याच्या बाजूला दोन बोटे टेकवा. ठोके लागतात ना? तीच कॅरोटिड रोहिणी. उजवीकडे एक, डावीकडे एक. हृदयाकडून आलेली ही रोहिणी कंठमण्याच्या वरच्या काठाशी दुभागते; एक फाटा मेंदूकडे, दुसरा चेहऱ्याकडे जातो. मेंदूला रक्त नेणाऱ्या आणखी दोन वाहिन्या मागे मणक्यांच्या भोकांतून जातात. त्यांना हाडाचे कवच आहे. पुढच्या दोघींवर कातडे आणि स्नायू, बस्स!

सुती दोरा ताण बसला की तुटतो. नायलॉनचा तुटत नाही, त्यावर काचेची पूड, आणि गाडी वेगात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली या मांज्यावर देशभर बंदी घातली. तरी संक्रांत जवळ आली की पोरांच्या हातात तो येतोच. कुठून येतो, हे आम्ही आईबापांनीच विचारायला नको का?

गळा कापलाच तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून जोराने दाबून धरा. रक्त थांबले का म्हणून उचलून पाहू नका. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवा. गळ्याभोवती फडके आवळू मात्र नका, श्वास कोंडेल. १०८ ला फोन करा.

याच रोहिणीचा दुसरा घात आतून होतो. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब यांमुळे दुभागण्याच्या जागी चरबीचा थर साचतो. त्याचा तुकडा किंवा गुठळी मेंदूत अडकली की पक्षाघात. तोंड वाकडे होते, एक हात लुळा पडतो, जीभ अडखळते. कधी पाच-दहा मिनिटांत सारे ठीक होते आणि घरचे ‘वारं लागलं’ म्हणून तेल चोळतात. तो इशारा असतो! त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मानेच्या डॉपलर सोनोग्राफीत रोहिणी किती अरुंद झाली ते दिसते.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सी.टी. स्कॅननंतर. म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते चिठ्ठीवर लिहून सोबत न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.