गुणांची वजनी सरासरी

धान्याच्या व्यापाऱ्यास वजनी सरासरी नव्याने शिकवावी लागत नाही. वीस क्विंटल हरभरा ५,००० च्या भावाने व ऐंशी क्विंटल ६,००० च्या भावाने घेतला असता सरासरी भाव ५,५०० पडला, असे आपला नवखा मुनीमदेखील म्हणणार नाही. तो ५,८०० पडतो. परंतु तोच व्यापारी मुलांच्या गुणपत्रिका हाती घेतो, तेव्हा टक्क्यांची बेरीज करून तिनाने भागतो आणि मोकळा होतो! मग कधी मुलास व्यर्थ आशा लागते, तर कधी 'एवढ्या गुणांत काय मिळणार' असे म्हणून अर्जच भरू दिला जात नाही. हा दुसरा प्रकार मला अधिक घातक वाटतो; मुलींच्या वाट्यास तो विशेष येतो.

सन २०२१ मध्ये महामारीमुळे बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या. त्या वेळी केंद्रीय मंडळाने व महाराष्ट्र मंडळाने दहावीस ३०, अकरावीस ३० व बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनास ४० असे वजन दिले. समजा, एकीस अनुक्रमे ८४, ६० व ९० टक्के गुण आहेत. साधी सरासरी ७८ येते. वजनी सरासरी काढताना ८४ चे शेकडा ३० म्हणजे २५.२, ६० चे १८ आणि ९० चे शेकडा ४० म्हणजे ३६ धरावे, एकूण ७९.२. जेथे प्रवेश दशांशाने हुकतो, तेथे सुमारे सव्वा टक्का थोडा नव्हे.

आपल्या मध्यप्रदेश मंडळाने मात्र त्या वर्षी दहावीतील सर्वोत्तम पाच विषयांचा आधार धरला. म्हणजे लोधीखेड्याची मुलगी व नागपुरास शिकणारी तिची मामेबहीण यांची हुशारी सारखी असली, तरी तराजू निराळे होते.

मंडळे भिन्न असली म्हणजे नुसत्या वजनाने भागत नाही. आधी माप एक करावे लागते. पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे, तसेच हे होय. सन २०१३ ते २०१६ पर्यंत अभियांत्रिकीच्या जेईई मेन परीक्षेच्या क्रमवारीत प्रवेश परीक्षेस ६० व बारावीस ४० टक्के वजन होते. तेव्हा विद्यार्थी आपल्या मंडळात शेकडा कितींच्या पुढे आहे हे पाहून, प्रवेश परीक्षेत त्याच पायरीवर असणाऱ्याचे गुण त्याच्या बारावीच्या खाती मांडीत. सन २०१७ पासून ही पद्धत बंद झाली.

सन २०२२ पासून केंद्रीय विश्वविद्यालयांतील, उदाहरणार्थ सागर येथील डॉ. हरिसिंह गौर विश्वविद्यालयातील, पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा आली. तेथे बारावीचे गुण बहुधा पात्रतेपुरतेच पाहतात. म्हणून त्या वर्षीचे प्रवेशपत्रक आधी वाचावे, कोणत्या गुणांस किती वजन आहे ते लिहून काढावे आणि मगच आकडेमोड करावी. मधल्या पायरीवर दशांश सोडू नयेत. पूर्णांक करणे झालेच, तर ते शेवटी करावे.