मालवणची रापण

मालवणच्या किनाऱ्यासमोर सिंधुदुर्ग किल्ला आणि अनेक लहानमोठे खडक उभे आहेत. त्यांच्या आडोशामुळे काठाजवळचे उबदार पाणी बरेच शांत राहते. पावसाळ्यात नद्या जमिनीवरील पोषक द्रव्ये समुद्रात आणून सोडतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात व त्या खाण्यासाठी तारली, बांगडा अशा माशांचे थवे काठाजवळ येतात.

थवा आला हे ओळखणे अनुभवाचे काम आहे. पाण्याचा पालटलेला रंग, पृष्ठभागावरील चुळबूळ आणि घिरट्या घालणारे पक्षी पाहून जाणता मच्छीमार इशारा देतो. मग जाळ्याच्या एका टोकाचा दोर काठावर ठेवून होडी निघते आणि अर्धवर्तुळाकार जाळे टाकीत दूरवर पुन्हा काठाला लागते. दोन्ही बाजूंचे दोर माणसे रांगेने ओढतात. हीच रापण. ती एकट्याने ओढता येत नाही. म्हणून मिळालेल्या मासळीत सर्वांचा वाटा असतो.

परंतु समुद्राचे हे धन अक्षय नाही. फार बारीक छिद्रांच्या जाळ्यांत लहान पिलेही सापडतात. ती अंडी घालण्यापूर्वीच मारली गेली, तर पुढील मासळी यावी कोठून? म्हणून २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरविली. त्याहून लहान मासा धरू नये, असा नियम आहे. पावसाळ्यातही यांत्रिक नौकांची मासेमारी काही काळ बंद असते. आज पिलू सोडले, तरच उद्या रापणीचा दोर जड लागेल.